राडावरचं टिंब

आमची सासू जिजाबाई काटोलच्या एसटीतून उतरली, तवा तिच्या एका हातात खराटा होता अन् काखेत वाकळ. खराटा मारासाठी, वाकळ मुक्कामासाठी. माह्या घरातून आठ बाया हाकलाले आली होती ती. आता माह्या घरात बाई एकच होती, अन् ती म्हणजे मी.

हे सारं एका टिंबानं केलं. सांगते. पण मधात कोणी हसाचं नाई, मलेच हसू येते अन् मंग गोष्ट राहून जाते.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्सं झाली होती. कामठीच्या छावणीत जुन्या मिलिटरी गाड्याइचा लिलाव होये. आमचे हे, म्हणजे रुपराव, त्या लिलावाले असे नटून जायचे जसे दुसऱ्याइचे नवरे सिनेमाले जातात. कामठी रोडवर आमचं गॅरेज होतं. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या. त्या दोन खोल्याइची मी राणी होती. खिडकीत माही शिलाई मशीन, खिडकीच्या बाहेर सारा कामठी रोड. मले दुसरं काय पाह्यजे?

ह्यायनं तिथं एक गाडी बनवली. तोंड एका मेलेल्या अमेरिकन मोटारीचं, धड जीपचं, अन् मधात काय होतं थे देवाले माहीत. इंजिन मिलिटरी ट्रकचं, आठ सिलेंडरवालं. त्याच्यावर ह्यायनं लकडगंजच्या भंगारातून आणलेला एक भाता बसवला. इंग्रजीत त्याले सुपरचार्जर म्हणतात. आता सुपरचार्जर म्हणजे काय, तर जावयाले आग्रह. साधं इंजिन आपल्या भुकेनं हवा खाते. याच्या पानात मात्र भाता जबरदस्तीनं वाढत राहते. नको नको म्हणते, तरी अजून एक पुरणपोळी, तरी अजून वाटीभर तूप. मंग जावई एकतर नाचते, नाईतर फुटते.

गाडी इतकी जोरदार झाली का ॲक्सिलेटर दाबला का मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत, धूर निंघे, अन् गाडी हाय तिथंच. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. एकदा तिनं अशी चाकं फिरवली का गॅरेजसमोरचा डांबर वितळून सदरच्या चौकापर्यंत वाहत गेला. खोटं वाटत असन तर चौकाले विचारा.

अन् हे कायले? तर पटाले. आमच्याकडे बैलाइचा शंकरपट असते. दोन जोड्या बाजूबाजूनं सुटतात, सरळ पळतात, जो आधी पोचला त्याचा पट. तसाच मोटारीचा पट त्या साली बेसाले ठरला. बेसा तवा गावखेडंच होतं, सारी तुरीची वावरं. मधात कोण्या ठेकेदारानं एक सरळ डांबरी रस्ता बांधून ठेवला होता. तो कुठंच जात नव्हता. पाव मैल गेला का वावरात संपे. त्याच्यावर दोन गाड्या उभ्या करायच्या अन् जागेवरून सोडायच्या. साहेब लोक याले ड्रॅग रेस म्हणतात.

आमचे सासरे चंपतराव जुने पटवाले. त्याइच्या जोडीनं रामटेकपासून वरुडपर्यंत धूळ उडवली होती. त्याइले काही पोराचं गॅरेज आवडत नव्हतं. ते एकदा आले, भिंगरीभोवती चक्कर मारली, तिच्या चाकाले जोड्यानं ठोकून पाह्यलं अन् म्हणाले, "रुपराव, पटात हरलेला बैल वावरातच शोभते. तुह्या या डबड्यानं पट मारला तर मी गॅरेजचं नाव काढणार नाई. पण हरला, तर कुलूप लाव अन् बायकोले घेऊन गावले ये. संत्र्याले पाणी द्यायले माणूस नाई."

ह्याइच्या तोंडात पोह्याचा घास होता. घासासकट म्हणाले, "कबूल."

मले कोणी विचारलं नाई. गावले जाणं म्हणजे काय हे माह्यं मले माहीत. चूल आत्याबाईची, म्हणजे सासूची, विहीर आत्याबाईची, कोंबडाही आत्याबाईले विचारून बांग दे. अन् खिडकीतून काय दिसन? संत्र्याची झाडं. ती पुढच्या वर्सीही तिथंच उभी. मी त्याच दिवशी ठरवलं, भिंगरी जिंकलीच पाह्यजे, मले तिच्या मागून ढकलत न्यावं लागलं तरी चालन.

पण गाडी अडली होती राडावर.

राड म्हणजे कनेक्टिंग राड. शिलाई मशीनचं पायदान पाह्यलं ना? पाय वरखाली होते अन् चाक गोल फिरते. त्या दोघाइच्या मधात एक दांडा असते, तो वरखालीचं गोल करते. इंजिनात तोच दांडा, वर पिस्टन अन् खाली क्रँक. आठ सिलेंडरले आठ राड. भात्यानं जेवढा आग्रह केला, तेवढा सारा भार या दांड्यावर. तो तुटला तर चूप बसत नाई. इंजिनाचं पोट फोडून बाहेर निंघते, अन् समोर जो असन त्याले भेटूनच जाते. चालवणार कोण? आमचे हे.

ह्याइच्याजवळ राडाचे दोन ढीग होते. पहिला ढीग मधुसूदन शेठनं देल्ला होता. लकडगंजात त्याची लाकडं चिराची आरामशीन होती, अन् पटात लाल परदेशी गाडी घेऊन आमच्याच विरोधात उतरणार होता तो. पण माणूस दिलदार. त्याचा भाचा अमेरिकेत. त्यानं मामाले नवे राड पाठवले, तं यानं आपले जुने ह्याइले देऊन टाकले. म्हणे, "घे रुपराव, तगड्या माणसाले हरवण्यातच मजा हाय. लुळ्याले कायले हरवू?"

ते राड होते ॲल्युमिनियमचे. आमच्याकडे ॲल्युमिनियमले जर्मन म्हणतात. जर्मनचं भगोणं, जर्मनचा डबा, तसे जर्मनचे राड. चकचकीत, वजनाले फुलासारखे. हलका दांडा म्हणजे इंजिन चटकन उचलते. धक्काही सोसते. पण जर्मन थकते. तापून तापून, ताणून ताणून लांब होते अन् एक दिवशी सांगितल्याबिगर चालली जाते. आधी मधुसूदन शेठच्या गाडीत यायनं किती पट मारले, कोणाले माहीत? ह्यायनं मोजले तं दोन राड बाकीच्यापेक्षा केसभर लांब निंघाले.

दुसरा ढीग मिलिटरीचा, छावणीच्या लिलावातला. पोलादी, काळे, दांडगे. असे दहा होते, लागणार होते आठ. भरवशाचे, पण जड. अन् लढाईतून आलेले. कोणाच्या पोटात बारीक तडा असन तर? ह्याइचं दिवसभर तेच. हातात भिंग घेऊन बाजेवर बसत. या ढिगातला एक पाहत, त्या ढिगातला एक पाहत. जेवाले बसले तरी एका हातात पोळी अन् एका हातात राड.

म्या म्हटलं, "अवो, माह्याकडेही कधी भिंगातून पाहत जा."

हे म्हणाले, "तुह्यात तडा नाई, मले माहीत हाय."

आता याचा राग कराव का लाजाव, सांगा बरं.

दोन्ही ढीग ह्यायनं पोत्यात गुंडाळून बाजेखाली ठेवले होते, गंज नको चढाले म्हणून तेल लावून. त्याच हप्त्यात बापूजी कंडक्टर चहाले आला. काटोलच्या गाडीवर असे तो, गावचे निरोप तोच ने. त्यानं विचारलं, "घरी काय सांगू?" तं हे म्हणाले, "मायले सांग, तब्येत चांगली हाय. आठ राड ठेवाचे हायत. जर्मनचे ठेवाव का मिलिटरीचे, एवढीच चिंता हाय. प्रेमिलाही कंटाळली."

बापूजीनं निरोप जसाच्या तसा नेला. त्याचा काही दोष नाई. पण एसटीचं इंजिन चालू होतं, अन् आमच्या आत्याबाईले डाव्या कानानं ऐकू कमी. त्यायनं राड ऐकलं, अन् त्याच्या डोक्यावर आपल्या मनानं एक टिंब देल्लं.

देऊन पाहा. मी मोठ्यानं नाई म्हणत, घरात लेकरं हायत.

आठ. त्याही जर्मनच्या नाईतर मिलिटरीच्या. अन् सून कंटाळली. आत्याबाईनं बापूजीले गाडी सुरू ठेवाले लावली अन् वाकळ घेऊन चढली.

मी अंगणात तांदूळ निवडत होती. ती समोर येऊन उभी राह्यली.

"कुठं हायत?"

"कोण, आत्याबाई?"

"आता कोण म्हणू नको. आठीच्या आठी! बापूजीनं सारं सांगतलं."

पहिल्यांदा मले समजलंच नाई. मंग खराटा पाह्यला, बापूजीचं नाव ऐकलं, अन् ते टिंब माह्या डोळ्यासमोर टपकन पडलं. भल्या बाईनं काय केलं असतं? खरं सांगून टाकलं असतं. म्या पदर तोंडाले लावला अन् म्हटलं, "आत हायत. बाजेखाली."

"बाजेखाली!"

"जागा कुठं हाय? आठ जर्मनच्या, अन् मिलिटरीच्या तं दहा. पण हे म्हणतात, ठेवाच्या आठच."

आत्याबाई ओट्यावर बसली. "पाणी दे वं."

पाणी पेली. मंग हळूच विचारलं, "खातात काय त्या?"

"काही नाई. तेल लागते."

"तेल?"

"रोज. ह्याइच्याच हातानं. वरून फडक्यानं पुसून देतात."

"माह्या पायाले तेल लाव म्हटलं तं याचा हात दुखते!" तिनं खराट्याची मूठ आवळली. "दिसाले कशा हायत?"

"जर्मनच्या चमकतात. हलक्याफूल. एका हातानं उचलतात हे. पण भरोसा नाई म्हणतात, तापल्या का लांब होतात."

"रंग दाखवतात, असंच ना! अन् मिलिटरीच्या?"

"काळ्या, वजनदार. त्याइच्या पोटात काय हाय, तेवढं समजत नाई."

मले वाटलं, आता ही मलेच बोलन. नवऱ्याले बांधून नाई ठेवता आलं, सून कुचकामी, माहेरची तशीच. सासू दुसरं काय बोलते? मी हसू दाबून तयारच बसली होती. पण आत्याबाईनं खराटा खाली ठेवला अन् माहा हात आपल्या दोन्ही हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा.

"प्रेमिला," ती म्हणाली, "तू भेवू नको. पोरगा माहा असन, पण घर तुह्यं हाय. आज त्या तरी निंघतीन, नाईतर तो तरी. मी तुह्या बाजूनं उभी हाय."

माह्यं हसू तिथंच राह्यलं, बाप्पा. म्या म्हटलं, "आत्याबाई, थांबा, ऐका तं..." पण आता कोण ऐकते? डावा कान माह्याकडे होता.

ती खराटा घेऊन घरात घुसली. "निंघा वं सटव्याहो!" म्हणून बाजेखाली खराटा घातला तं ठण्णकन आवाज आला. तिनं वाकून पाह्यलं. पोतं ओढलं, सोडलं. काळे दहा. दुसरं सोडलं. चमकणारे आठ.

"हे काय हाय?"

"राड."

"काय?"

मी तिच्या उजव्या कानापाशी गेली. "राड, आत्याबाई. इंजिनाचे दांडे. टिंब नाई."

तिनं खराट्यानं एक राड ढकलून पाह्यला. मले वाटलं हसन. हसली नाई. तिचं तोंड टमाट्यासारखं लाल झालं.

"अवं पण मी साऱ्या एसटीले सांगत आली! काटोलपासून! कळमेश्वरले एक बाई माह्यासंगं रडली!"

अन् जो राग आला तिले, बाप्पा! बायाइवर काढाचा होता, तो निंघाला लोखंडावर. तिनं एक काळा राड उचलला अन् मागच्या दारातून अंगणात फेकला. अंगणात माहा मोठा दगडी पाटा होता. राड पाट्यावर पडला, ठण्ण! देवळातली घंटा वाजावी तसा. दुसरा फेकला, ठण्ण! तिसरा, ठण्ण! आवाज असा का कामठीच्या छावणीत जेवणाची घंटा झाली म्हणून शिपाई ताटं घेऊन निंघाले म्हणतात.

ह्यायनं गॅरेजातून ऐकलं अन् धावत आले. "माय! अवं माय, काय करून राह्यली? त्याले ओरखडा पडला तं तिथूनच तुटन!"

"तुटू दे!" तिनं पुढचा फेकला.

भद्द.

ह्याइचे पाय जागीच थांबले. "थांब," ते म्हणाले. मंग म्हणाले, "नाई, थांबू नको. पुढचा फेक."

"फेकू का नको, एक काय थे सांग!"

"फेक माय, फेक!"

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मंग अजून एक भद्द, अन् शेवटचे दोन ठण्ण. दहातले दोन मुके निंघाले.

हे अंगणात मटकन बसले अन् ते दोन राड मांडीवर घेतले. "माय वं, मी हप्ताभर भिंग लावून डोळ्यानं पाहून राह्यलो, अन् कानानं पाहाचं राहूनच गेलं!"

म्या म्हटलं, "मडकं घेतो तवा तं टिचकी मारून घेतो आपण."

"मडक्यात मी बसून पळत नाई ना! भेवानं डोस्कं बंद झालं होतं माह्यं."

मंग त्यायनं सारे दहा राकेलात बुडवले, कोरडे पुसले, अन् खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळानं त्या दोन मुक्यावर, बोल्टच्या छिद्रापाशी, केसासारखी काळी रेघ उमटली. तड्यात शिरलेलं राकेल बाहेर आलं होतं. बाकी आठ पांढरेशुभ्र. म्हणजे पाह्यजे तेवढेच आठ, मोजून देल्ल्यासारखे.

"आता?" म्या विचारलं.

"आता मिलिटरीचेच," हे म्हणाले. "जर्मनचे हलके हायत, पण किती थकले थे कोणाले समजत नाई. जर्मन वाजतही नाई का विचाराव. यायनं तोंडानं सांगतलं, आमी साबूत हाव. जड हायत तं हायत."

आत्याबाई ओट्यावरून ऐकत होती. राग पाण्यासंगं उतरला होता. "थो तुटला असता तं काय झालं असतं रे?"

हे राड फडक्यानं पुसत राह्यले. मायले उत्तर समजलं.

मंग ती गावले परत गेलीच नाई. पट होईपर्यंत थांबतो म्हणाली. ह्यायनं राडाइले ओरखडा न ओरखडा घासून आरशासारखं केलं. मंग आठाइचं वजन सारखं कराचं होतं. शेजारच्या भाजीवालीची ताजवी आणली. एका पारड्यात सगळ्यात हलका राड, दुसऱ्या पारड्यात बाकीचे एकेक. जो जड भरला त्याले खालून कानशीनं घासाचं. आत्याबाई ताजवी धरून बसे अन् ओरडे, "हा मोटा हाय, घास याले! खाऊन खाऊन सुजला!" आठही भाऊ एका वजनाचे झाले, तवा कुठं ते इंजिनात गेले.

पटाच्या दिवशी बेसाले ही गर्दी! तुरीच्या वावरात माणसं, बाभळीवर माणसं. तिळगुळ चालू, ऊस चालू. सासरे शेवटच्या दोरीपाशी लाल फडकं घेऊन उभे. पटाचा पंच म्हणून साऱ्याइनं त्याइलेच नेमलं, कारण चंपतरावाची नजर बैलाच्या नाकाचा फरक सांगे. मी त्याइच्या बाजूले. मनात म्हणून राह्यली, देवा, मले संत्री खायले आवडतात, पाणी द्यायले नाई.

मधुसूदन शेठची लाल गाडी चमकून राह्यली होती. शेठनं ह्याइले तिळगुळ देल्ला. "गोड गोड बोल रुपराव, अन् मागं मागं राह्य."

हे म्हणाले, "शेठ, आज माह्या नंबरप्लेटचं पाठांतर करून जा."

मंग ह्यायनं इंजिन सुरू केलं. आवाज असा का बेसातल्या म्हशीइनं दोन दिवस दुधाऐवजी ताक देल्लं. पण मले भेव होतं दुसरंच. आता राड जड, गाडी तीच, अन् मागची चाकं तर तशीच गरगर फिरणार. भिंगरी जागेवर नाचत राह्यली तर शेठ पोचून चहा पेऊन येईन.

तेवढ्यात गर्दीतून आमची आत्याबाई निंघाली. काखेत वाकळ. सरळ भिंगरीपाशी गेली अन् मागच्या चाकाइच्या वरती जो सपाट पत्रा होता, तिथं वाकळ अंथरून बसली.

"माय, उतर!"

"नाई उतरत. राड कोणी वाजवून घेतले? मी. माह्या निवडीवर माहा पोरगा बसून राह्यला, तं मी काहून नाई बसाव?"

"अवं पण वजन वाढते!"

"खाल्लं तं वाढनच! हाक गाडी!"

पंचानं दुरून पाह्यलं. सासरे फडकं धरून मले म्हणाले, "सूनबाई, थे मागं कोण बसून राह्यलं?"

म्या म्हटलं, "ऊन लागते मामाजी, नीट दिसत नाई."

सुटीचं निशाण पडलं. शेठची लाल गाडी जागेवर किंचाळली. चाकं फिरली, धूर निंघाला, इतका का बाभळीवरचे लोक खोकत खाली पडले. अन् भिंगरी? आत्याबाई मागच्या चाकावर अशी ठासून बसली होती का चाकाइले फिराले जागाच नव्हती. त्यायनं डांबर धरला दातानं, अन् भिंगरी सुटली जशी गोफणीतून गोटा. सावली मागं राह्यली. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, गाडी निंघून गेली अन् सावली रस्त्यावर उभी, मंग धावत धावत गेली बिचारी.

अर्ध्यात शेठच्या गाडीनं पकड घेतली. ती होती हलकी. आली, आली, बाजूले लागली. आत्याबाई जुनी पटवाल्याची बायको. एका हातानं पत्रा धरला अन् दुसऱ्या हातानं भिंगरीच्या टपाले थापा हाणाले लागली, "हो हो हो! चाल माह्या राजा! शेपूट पिरगाळ रे रुप्या!" रुपराव कोणती शेपूट पिरगाळन? त्यायनं ॲक्सिलेटर पत्र्यापर्यंत दाबला. भात्यानं आग्रहाची हद्द केली. माह्या कानात मात्र एकच आवाज शोधत होती मी, त्या आठाइचा. कोणी भद्द तं नाई म्हणत?

आठही ठणठणीत.

दोन गाड्या दोरीवरून एकदमच गेल्या. साऱ्याइचे डोळे सासऱ्याकडे. त्यायनं फडकं खाली ठेवलं, मिशीवरून हात फिरवला, पोराकडे पाह्यलं, मंग वावराकडे पाह्यलं.

"माहा पोरगा हाय म्हणून मी मुद्दाम शेठच्या बाजूनं पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "तरी नाक भिंगरीचंच पुढं होतं. पट रुपरावचा."

मी सासऱ्यासमोर उडी मारली. पदर पडला, ध्यान नाई. पण आनंद कराले वेळ कुठं होता? लाल गाडी थांबली. भिंगरी काही थांबली नाई. ब्रेकातून धूर निंघाला, रस्ता संपला, समोर तूर, अन् तुरीच्या पलीकडे विहीर.

तवा आमची आत्याबाई उभी राह्यली. बुडाखालची वाकळ काढली, दोन टोकं दोन हातात धरली, दोन पायाखाली दाबली. वाकळीत वारं भरलं. अशी फुगली, अशी फुगली, जसा पिठाचा फुलका. भिंगरीले मागून देवानं धरल्यासारखं झालं. तूर मोडत, हळू हळू, विहिरीच्या काठाशी येऊन ती थांबली, अन् बोनेटवर एक शेंग टपकन पडली. आता म्हणे फॉरेनात अशा गाड्याइच्या मागं छत्री बांधतात थांबवाले. बांधा म्हणा. वाकळीची ऊब नाई येणार.

आमी सारे धावत पोचलो. हे स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसून राह्यले होते. आत्याबाईचं कुंकू मागं सरकून शेंडीपाशी गेलं होतं. मधुसूदन शेठनं येऊन तिच्या पायाले हात लावला. "जिजाबाई, पुढच्या पटाले माह्या गाडीवर बसाल काय?"

"पह्यले मले खाली उतरव," ती म्हणाली, "पाय थे राह्यले रस्त्यावरच."

सासऱ्यायनं शब्द पाळला. गॅरेजचं नाव काढलं नाई. "चाल वं घरी," एवढंच आत्याबाईले म्हणाले, "संत्र्याले पाणी द्याचं हाय."

आत्याबाईनं वाकळीवरची तुरीची पानं झटकली. "तुमी द्या. मी इथंच राहतो. नागपूर बरं हाय."

माह्या तोंडातला तिळगूळ तोंडातच राह्यला. ज्या सासूपासून दूर राहासाठी मी हा पट जिंकवला, ती पटासंगंच घरी आली! सासरे तीन हप्ते गावले एकटे राह्यले, अन् मंग एक दिवशी तेही संत्र्याचं पोतं घेऊन ओट्यावर येऊन बसले. म्हणे, झाडाइले काय, झाडं उभीच राहतात. दोन खोल्यात आमी चार जीव. राणी आता दोन झाल्या होत्या, पण खिडकी मोठी होती. दुपारी मी मशीन चालवो, आत्याबाई बाजूले बसून कामठी रोडच्या गाड्या पाहे अन् उजवा कान बाहेर काढून सांगे, "याचा एक राड मुका हाय." अर्ध्यावेळा बरोबर निंघे. अर्ध्यावेळा तो राड नसे, रेड्याची गाडी असे.

त्या साली दसऱ्याले गॅरेजात अवजाराइची पूजा मांडली. पाने, जॅक, हातोडे, अन् मधात भिंगरीतून काढून धुतलेले ते आठ राड, आरशासारखे. मुक्या दोनपैकी एकाचा म्या बत्ता केला होता, शेंगदाणे कुटाचा. तोही मांडला. सासरे पाटावर बसले, हे आरती घेऊन उभे. आत्याबाईनं कुंकवाचा करंडा घेतला. पहिल्या राडापाशी वाकली, बोट कुंकवात बुडवलं, अन् राडाच्या बरोबर डोक्यावर एक टिंब देल्लं.

बोट तिथंच थांबलं. तिनं माह्याकडे पाह्यलं. म्या तिच्याकडे.

"आत्याबाई," म्या तिच्या उजव्या कानात म्हटलं, "देल्लं ना शेवटी?"

तिनं पदर तोंडात कोंबला. खांदे गदगद हलाले लागले. करंडा लवंडला, सारं कुंकू राडावर, पान्यावर, सासऱ्याच्या धोतरावर. आमी दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून अशा हसलो का भाजीवाली ताजवी घेऊन पाहाले आली.

"काय झालं वं? काहून हसून राह्यल्या?" सासरे विचारत राह्यले. "रुपराव, काय झालं रे या दोघीले?"

हे म्हणाले, "मले काय माहीत, बाबा. आरती म्हणा."

आत्याबाईनं डोळे पुसले, बोट पुन्हा कुंकवात बुडवलं, अन् दुसऱ्या राडाकडे सरकली. अजून सात बाकी होते.